घरच्या संगणकावर मागे चालणारा अनोळखी प्रोग्राम व्हायरस आहे की नाही, हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, एक अनोळखी प्रोग्राम सतत चालू दिसतो, संगणक मंदावला आहे, इंटरनेटवर कोणी त्याला व्हायरस म्हणते तर कोणी निरुपद्रवी म्हणते, आणि आपले मेहुणे मात्र ‘फॉरमॅट मारून मोकळे व्हा’, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाका, असे सांगत आहेत. त्या प्रोग्रामचे नाव आपण दिलेले नाही, त्यामुळे तो नेमका काय आहे हे मला सांगता येणार नाही. मेहुण्यांचे ते वाक्य वाचले नसते तर मी उत्तर लिहायलाही बसले नसते.

मी १९९९ पासून कराडमध्ये घरच्या घरी डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असे ते काम असते. मी अभियंता नाही, माझे धाकटे दीर आहेत, आणि आमच्या घरातला पुढचा सगळा वाद एवढ्या एका वाक्यात आला.

२०१८ मध्ये तुळशीची लग्ने लागली आणि पत्रिकांचा हंगाम सुरू झाला, नेमका तेव्हाच माझा संगणक मंद झाला. कोरल ड्रॉमधली साधी दोन रंगी पत्रिका उघडायला एवढा वेळ लागे की गिऱ्हाईक समोर बसून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून काढी, आणि आतला पंखा तर काहीही काम चालू नसताना गिरणीसारखा घरघरत असे. शनिवारी भावजी पुण्याहून आले, त्यांनी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून नेटस्टॅटची आज्ञा दिली, जी संगणकाचे नेटवर्ककडचे दरवाजे, म्हणजे पोर्ट, कोण वापरतो ते दाखवते, आणि म्हणाले, “वहिनी, १९४७ नंबरच्या पोर्टवर कोणीतरी कान लावून बसलंय.” त्या प्रोग्रामचे नाव एच-ए-एस-पी-एल-एम-एस असे होते. त्यांनी ते नाव शोधून पाहिले, तर पहिल्याच पानावर ‘हा प्रोग्राम धोकादायक असू शकतो’ असे लाल अक्षरांत लिहिलेले आणि खाली सफाईच्या प्रोग्रामचे बटण. अशी संकेतस्थळे जगातल्या प्रत्येक फाइलला धोकादायक ठरवतात, कारण त्यांना स्वतःचा माल खपवायचा असतो, आणि त्यांच्यावर विसंबून कोणतीही फाइल काढू नये, हे माझे ठाम मत आहे.

मी एवढेच विचारले, “भावजी, ते आपल्या लॉकचं तर नसेल?” लॉक म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा तुकडा, तो असेल तरच माझे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर चालते. त्यावर भावजी हसले. “लॉक यूएसबीला असतं वहिनी, नेटवर्कवर नसतं.” मग त्यांनी ती सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा तो प्रोग्राम, बंद केली, फाइल पुसली आणि मी केलेली धिरडी खाऊन रविवारी दुपारी पुण्याला निघून गेले.

सोमवारी सकाळी मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर उघडले, तर पडद्यावर ‘लॉक सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश. अंगठ्याएवढे लॉक जिथल्या तिथे होते, त्याचा लाल दिवाही लागत होता. जुन्या पत्रिकांतला मजकूर दिसत होता, पण नवे एक अक्षर उमटेना. समोर वधूपिता बसलेले, दुपारी मजकूर प्रेसला जायचा, आणि ‘चि. सौ. कां.’ एवढेसुद्धा टाइप होत नव्हते. माझ्यासारख्यांचे अजूनही निम्मे काम पाने जुळवायच्या पेजमेकर या जुन्या प्रोग्राममध्ये चालते, त्याला युनिकोड, म्हणजे फोनवर टाइप होते ती, मराठी पेलत नाही, त्यामुळे फोनवर टाइप करून तो मजकूर तिथे चिकटवण्याची सोयही नव्हती. शेवटी माळ्यावरून मूळ सीडी काढली, यजमानांनी शेजारच्या सायबर कॅफेतून सीडी वाचणारा ड्राइव्ह मागून आणला आणि लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला लॉक ओळखू देणारा प्रोग्राम, पुन्हा टाकला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

भावजींनी जो प्रोग्राम उडवला तो सेंटिनेल हॅस्प या पद्धतीच्या लॉकचा परवाना तपासणारा व्यवस्थापक होता. सॉफ्टवेअर थेट लॉकशी बोलत नाही, ते या व्यवस्थापकाला विचारते, आणि कार्यालयातल्या अनेक संगणकांना एकच लॉक वापरता यावे म्हणून हा व्यवस्थापक १९४७ या पोर्टवर थांबलेला असतो. तो विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमध्ये राहतो, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट व अपूर्णविराम देऊन १९४७ लिहिले की लॉकची सगळी माहिती देणारे त्याचे पानच उघडते. हे मला सोमवारी संध्याकाळी कळले. शनिवारी कोणाला जाणून घ्यायचे असते, तर पाच मिनिटांत कळले असते.

भावजींना दोष देते आहे, तर माझेही सांगितले पाहिजे. २००२ मध्ये एक ईमेल फिरत होता: अमुक नावाची फाइल तुमच्या संगणकात असेल, तिचे चित्र टेडी अस्वलाचे आहे, तो व्हायरस आहे, ताबडतोब पुसा आणि सर्वांना कळवा. मी शोधले, अस्वल सापडले, मी ते पुसले आणि पुढे दहा जणांना कळवलेसुद्धा. ती विंडोजचीच फाइल होती, जावाच्या प्रोग्रामरांना लागणारी, आणि तो ईमेल निव्वळ थाप होता. अनोळखी दिसते म्हणजे शत्रू, हा धडा मी तेव्हाच खोडला, म्हणून भावजींच्या वेळी मला तोंड उघडावेसे वाटले होते.

संगणक मात्र मंद तो मंदच राहिला, आणि खरा चोर कोण होता ते पुढे आहे. मंगळवारी माझ्या लक्षात आले की टास्क मॅनेजर उघडला की पंखा दहा-पंधरा सेकंदांत शांत होतो आणि तो मिटला की पुन्हा घरघर सुरू होते. तीन-चार वेळा उघडून-मिटून पाहिले, दर वेळी तेच. मग तीन दिवस मी टास्क मॅनेजर कोपऱ्यात समईसारखा तेवत ठेवला आणि पाच पत्रिका उरकल्या. भावजींना फोनवर हे सांगितले, तर ते म्हणाले, “असं काही नसतं, वहिनी, सरळ फॉरमॅट मारतो मी पुढच्या वेळी.” असे असते. लोकांच्या संगणकावर चोरून आभासी चलन खणणारे प्रोग्राम त्या सुमारास फार बोकाळले होते, आणि त्यांतले कित्येक टास्क मॅनेजर उघडल्याचे कळताच काम थांबवून दडून बसत.

पाहताक्षणी लपणाऱ्याला चालताना पकडता येत नाही, म्हणून तो कुठून सुरू होतो ते शोधावे लागते. त्यासाठी ऑटोरन्स नावाचे फुकट साधन आहे. ते मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या सिसइंटर्नल्सचे, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतल्यापासून ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळते. याच रुसिनोविच यांनी २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीमधून आपल्या संगणकात गुपचूप उतरलेला आणि स्वतःला लपवणारा प्रोग्राम उघडकीस आणला होता, म्हणून मोठ्या कंपनीचे नाव दिसले की निश्चिंत व्हावे, असेही मी म्हणणार नाही. ऑटोरन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आहे. त्या लपवल्यावर शेकडो ओळींच्या तीस-पस्तीस ओळी उरल्या, आणि एवढे प्रूफ तर मी रोज वाचते.

प्रूफ वाचणारा माणूस शब्द वाचत नाही, अक्षरे वाचतो. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत एक नाव होते आणि ओळीचा रंग गुलाबी होता, म्हणजे प्रकाशकाची खातरजमा झालेली नव्हती. विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा अस्सल प्रोग्राम आहे एस-व्ही-सी-होस्ट. इथे लिहिले होते एस-व्ही-होस्ट. मधला ‘सी’ गळला होता. शिवाय अस्सल एस-व्ही-सी-होस्ट सिस्टम३२ मध्ये राहतो, आणि हा माझ्या नावाच्या फोल्डरात, अ‍ॅपडेटाच्या आत, रोमिंगमध्ये बिऱ्हाड करून होता. फाइलच्या निर्मितीची तारीख होती ९ नोव्हेंबर २०१८. त्या दिवशी भाऊबीज होती, आणि “विकत कशाला घेता, वहिनी,” असे म्हणत भावजींनी त्याच संध्याकाळी मायक्रोसॉफ्ट ऑफिस हे विकतचे सॉफ्टवेअर फुकटात सुरू करून देणारा एक अ‍ॅक्टिव्हेटर माझ्या संगणकावर चालवला होता. त्यासाठी त्यांनी अँटिव्हायरस ‘दोन मिनिटं’ बंद केला होता. मी डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या, सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिले, तर तपासणीतून वगळायच्या फोल्डरांच्या यादीत तेच रोमिंगमधले फोल्डर विराजमान होते. चोराने राखणदाराकडूनच पास काढून घेतला होता.

ती नोंद वगळणीतून काढली, ते काम बंद केले, विंडोज सुरू होण्याआधीच होणारी डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवली, आणि घरघर थांबली ती थांबलीच. फॉरमॅट झाला नाही.

आपणही याच क्रमाने जावे. टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या यादीत नावावर राइट क्लिक करून फाइल कोणत्या फोल्डरात आहे ते उघडावे, प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही, म्हणजे फाइल कोणी बनवली याची खूण, कोणाची आहे ते पाहावे, आणि नाव अक्षर न् अक्षर सुटे करून वाचावे, कारण लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ घातला तर डोळ्यांना कळतही नाही. एस-व्ही-सी-होस्टच्या पन्नास-साठ ओळी दिसल्या म्हणून घाबरू नये. २०१७ पासून विंडोज १० साडेतीन जीबीहून अधिक मेमरी असलेल्या संगणकावर बहुतेक सर्व्हिसला वेगळी ओळ देते. शंका राहिली तर ती फाइल अनेक अँटिव्हायरस एकदम चालवणाऱ्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासता येते, मात्र तिथे चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांपर्यंत पोहोचते, म्हणून स्वतःची कागदपत्रे तिथे चढवू नयेत. आणि आपण अलीकडे कोणता अ‍ॅक्टिव्हेटर, क्रॅक किंवा फुकटातला खेळ टाकला होता, तेही आठवून पाहावे. मेहुण्यांनाही विचारावे.

आता काही गोष्टी माझ्या बाजूच्या विरोधात जातात, त्याही लिहिते. सही असली म्हणजे फाइल शुद्धच, असे नाही. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. भावजींचा १९४७ च्या पोर्टवरचा संशयही अगदीच पोकळ नव्हता. त्याच लॉकच्या व्यवस्थापकात कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी १४ त्रुटी शोधून जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केल्या होत्या, आणि लॉक काढून ठेवले तरी ते पोर्ट फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरची ये-जा अडवणाऱ्या भिंतीत, उघडेच राहते, हेही त्यांनी दाखवले होते. त्यावर उपाय नवा ड्रायव्हर टाकण्याचा होता, फाइल पुसण्याचा नव्हता, आणि नवा ड्रायव्हर मी टाकला. तसेच आपण त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करत असाल आणि सापडलेला प्रोग्राम पासवर्ड चोरणारा निघाला, तर दुसऱ्या उपकरणावरून आधी सगळे पासवर्ड बदलावेत, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, आणि त्या वेळी मात्र फॉरमॅटच मारावा, कारण अशा घुसखोराने आणखी काय पेरून ठेवले आहे याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. तेवढ्या एका बाबतीत आपले मेहुणे आणि माझे दीर दोघेही बरोबर आहेत.

भावजी अजूनही घरच्या कार्यक्रमांत ‘वहिनींचा संगणक मी साफ करून दिला’ असे सांगतात, आणि सासूबाई त्यावर मान डोलावतात. आपल्या प्रोग्रामचे नाव, इंग्रजी अक्षरे सुटी करून, आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून पाठवावा. मी वाचून सांगते.