तुरुंग दाखवून मुलं सुधारतात का?

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या आमच्या वस्तीतली पंधरा-सोळा वर्षांची काही मुलं मारामाऱ्या, मोबाइलचोरी करू लागली आहेत. त्यांना ठाणे कारागृह दाखवून कैद्यांकडून चार शब्द ऐकवावेत, असं मंडळात ठरतंय. उपयोग होईल का?
– एक कार्यकर्ता, ठाणे

उत्तर : कृपा करून हे करू नका. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात हेच सुरू झालं आणि झपाट्याने पसरलं. पुढे अशा ९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. कोणत्या मुलांना न्यायचं, कोणाला नाही, हे त्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. तुरुंग पाहून आलेली मुलंच नंतर जास्त गुन्ह्यांत सापडली! भीती चार दिवसांत ओसरते. कैद्यासमोर डगमगलो नाही ही फुशारकी मात्र राहते, असं आम्हाला वाटतं.

शिकागोच्या शाळांत वेगळं काम झालं. आठवड्यातून एक तास, ठरलेला मार्गदर्शक, छोटा गट. पहिलाच खेळ असा : एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने ३० सेकंदांत तो मिळवायचा. बहुतेक जण हिसकाहिसकी करतात. मग विचारायचं, 'नुसता मागून का नाही पाहिलास?' राग आणि कृती यांच्यामध्ये क्षणभर थांबण्याची ही सवय. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. तो संपल्यावर अटकांवरचा परिणाम टिकला नाही, म्हणून गणपतीपुरतं शिबिर घेऊन भागणार नाही.

गट दहा-बारा जणांचा ठेवा आणि त्यात सरळ वाटेवरची मुलंही घ्या. फक्त 'वाया गेलेली' एकत्र बसवली की एकमेकांच्या भानगडींना दाद मिळते आणि काम उलटतं. वार, वेळ, माणूस बदलू नका. मे महिन्यात सुरक्षित, पगारी काम मिळवून देता आलं तर जरूर द्या. शिकागोत आठ आठवडे, आठवड्याला २५ तासांच्या कामाने पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या.

कोणी पकडला गेलाच, तर पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटा. १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही; २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मदतीसाठी १०९८. त्या मुलाचं नाव, फोटो तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ओळख उघड करण्यास मनाई आहे.