विझवलेलं घर काही तासांनी पुन्हा पेटलं तर ती जुनीच आग की नवी, हे कसं ठरवतात?

बऱ्याचदा नीट ठरतच नाही. आमचं ठरलं नाही, आणि त्यावरून दादाचं आणि माझं ९ वर्षं वाजलेलं आहे.

पहिली आग मधल्या खोलीत लागली, बंब आला, तासाभरात विझली. जवान भिंतीचं लाकडी पॅनेलिंग उपटायला निघाले तर दादा आडवा आला: "नवीन आहे हो, काही झालेलं नाही त्याला." त्यांनी थर्मल कॅमेरा फिरवला, आणखी पाणी मारलं आणि गेले. कॅमेऱ्याला दिसते ती वरच्या थराची उष्णता. ओल्या फळीमागे, तुळईच्या टोकाशी निखारा धुमसत असला तर तो चुकू शकतो. पहाटे ३ वाजता मी टॉर्च घेऊन गेलो, फळीला हात लावला. कोमट. म्हटलं, संध्याकाळचीच ऊब असेल. खालच्या फटीतून दोऱ्याएवढा धूर निघत होता. अर्ध्या तासात छत पेटलं.

सकाळी ढिगाऱ्यात तांब्याच्या तारेवर वितळलेला मणी सापडला आणि दादाने निकाल देऊन टाकला: शॉर्टसर्किट, यानेच मेन स्विच चालू केला. अहो, फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात होता! ठिणगी उडून मणी व्हायला तारेत वीज लागते, म्हणजे झालाच असेल तर तो पहिल्या आगीत. तिचंही कारण तोच असं नाही. आगीने वरचं प्लास्टिक जळून तारा भिडल्या तरी असाच मणी होतो. कारण सापडलं नाही की लोक शॉर्टसर्किट म्हणून मोकळे होतात.

तपासणाऱ्यांचीही पंचाईतच. दुसरी आग पहिलीच्या खुणा खाते, उरलंसुरलं पाण्याने आणि उपशाने हलतं. पहिल्या वेळचे फोटो, वीज कधी तोडली, दुसरी आग जुन्या जळक्या जागेतूनच उठली का, यावर सगळी भिस्त. आमच्या अहवालात 'कारण अनिश्चित' आलं.

"तज्ज्ञांनी विझवलेली आग राहीलच कशी?" हे दादाचं पालुपद. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबर १९९१ ला आटोक्यात आणलेली गवताची आग दुसऱ्या दिवशी वाऱ्याने उसळली, २५ माणसं गेली. तिथे काय अडाणी होते?

तेव्हा जवान फोडतो म्हणाले तर फोडू द्या. पॅनेलिंग, फॉल्स सीलिंग, गाद्या, सगळं. आणि त्या रात्री घरात झोपू नका.

हां, एक राहिलं. जळकट वास जावा म्हणून त्या खोलीची खिडकी मीच रात्रभर उघडी टाकली होती. धुमसत्या लाकडाला वारा मिळाला की काय होतं, ते मला नंतर कळलं. दादाला अजून सांगितलेलं नाही.