गोल्फ कोर्स कोणाच्या सातबाऱ्यावर आहे?

प्रश्न : गोल्फ कोर्सभोवतीच्या योजनेत बंगला घेतला. नोंदणीकृत करार आहे. १ कोटी ६० लाखांपैकी १ कोटी १२ लाख भरले, क्लबचे ६ लाख वेगळे. ताबा डिसेंबर २०२३ला मिळायचा होता, पण काम जोत्यापुढे सरकलेलं नाही. बिल्डरचं कर्ज थकलंय, बँक एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) गेली आहे. महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात) पैसे परत मागू का?

उत्तर : आधी एनसीएलटीच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून बघा : बँकेचा अर्ज नुसता दाखल आहे की न्यायाधिकरणाने तो दाखल करून घेतलाय, म्हणजे स्वीकारून दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केलीय? पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नुसता दाखल असेल तर महारेरात तक्रार करा. ताबा वेळेत न मिळाल्यास रेरा कायद्याच्या कलम १८ खाली सव्याज परतावा हा विनाअट हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये न्यूटेक प्रकरणात स्पष्ट केलं. व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (कर्जाच्या आधारभूत व्याजदरावर) आणखी २ टक्के. मात्र आदेश म्हणजे पैसे नव्हेत. वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि मध्येच दिवाळखोरी अर्ज दाखल करून घेतला गेला की दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ची स्थगिती लागून ते तिथेच थांबतं.

तसं झालं तर हंगामी समाधान व्यावसायिकाकडे (दिवाळखोरी प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीकडे) फॉर्म सीए, म्हणजे खरेदीदारांचा दाव्याचा अर्ज, भरा. जाहीर सूचनेतली मुदत चुकवू नका. करार, पावत्या, बँक स्टेटमेंट जोडा. करारात वेगळा दर नसेल तर मतहिश्शासाठी (धनकोंच्या मतदानातल्या तुमच्या वाट्यासाठी) व्याज ८ टक्क्यांनी धरतात. त्याच फॉर्ममध्ये तीन नावांतून खरेदीदारांचा प्रतिनिधी निवडायचा असतो. तो रकाना लोक कोरा सोडतात. २०१८पासून घरखरेदीदार वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखेच कर्ज देणारे, मानले जातात, आणि महारेराचा परतावा आदेश हाती असला तरी तो दर्जा जात नाही (सर्वोच्च न्यायालय, विशाल चेलानी प्रकरण, २०२३). म्हणजे तक्रार केल्याने तुमचं नुकसान नाही.

आता गोल्फ कोर्स. अशा योजना बहुधा इथेच बुडतात : हिरवळ, तळी, सिंचन यांचा खर्च आधी, क्लबचं उत्पन्न फार उशिरा, मधली तूट बंगल्यांच्या विक्रीतून भरायची, आणि विक्री थंडावली की सगळंच अडतं. तुमच्या हप्त्यांतले ७० टक्के रेराच्या स्वतंत्र खात्यात राहून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर नि बांधकामावर खर्च व्हायला हवेत. महारेराच्या पानावर चार्टर्ड अकाउंटंटचा वार्षिक फॉर्म ५ (प्रकल्पाच्या हिशेबाचा अहवाल) उघडा. काम जोत्यावर आणि खातं रिकामं असेल तर ती तफावत तक्रारीत आकड्यांनिशी मांडा.

मग तलाठ्याकडून गोल्फ कोर्सच्या गटांचे सातबारे काढा. जमीन बंगल्यांच्या कंपनीच्या नावावर नसून भगिनी कंपनीच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर निघणं नवलाचं नाही. इतर हक्कांत बोजा पाहा. महारेरा नोंदणीतल्या सामाईक सुविधांत गोल्फ कोर्स नसेल तर तो 'मिळणारच' असं गृहीत धरू नका. तेव्हा आधार रेरा कायद्याच्या कलम १२चा, म्हणजे जाहिरातीतल्या खोट्या विधानाचा. माहितीपुस्तिका फेकली नसेल ना?

क्लबचे ६ लाख कोणत्या कंपनीच्या खात्यात गेले, हे चेकवरून तपासा. कंपनी वेगळी असेल तर बंगल्याच्या दाव्यात ती रक्कम मिसळू नका, तिची मागणी स्वतंत्र करा.

गृहकर्जाचा हप्ता थांबवू नका. बिल्डर बुडाला तरी बँकेचं देणं तुमचंच राहतं. बिल्डरचे पुढचे हप्ते रोखायचे असतील तर काम थांबल्याचे फोटो जोडून लेखी नोटीस द्या, नाहीतर रेराच्या कलम १९ खाली उलट तुमच्यावरच व्याज लागेल.

आणि परतावा की बंगला, हे खरेदीदारांनी एकत्र बसून ठरवा. जेपी इन्फ्राटेक या बिल्डर कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया ऑगस्ट २०१७मध्ये सुरू झाली, ती कंपनी घेणाऱ्या सुरक्षा समूहाची योजना एनसीएलटीने मंजूर केली ती मार्च २०२३मध्ये. तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही भरता येईल का, याचा हिशेब आधी मांडा.