'उडाली', 'उडवली' आणि 'पुसली'

प्रश्न असा आहे: घरच्या जुन्या कंप्युटरबद्दल बोलताना 'हार्ड डिस्क उडाली', 'विंडोज उडाली', 'फाईल उडाली' असं आपण सर्रास म्हणतो. हे चांगलं मराठी आहे का? आणि 'डिलीट करणे' टाळून 'पुसणे' म्हणावं का?

'उडणे'ला माझा काहीच आक्षेप नाही. हे क्रियापद पाखरांपुरतं कधीच नव्हतं. कापडाचा रंग उडतो, झोप उडते, विश्वास उडतो. बल्ब आणि फ्यूजही उडतात. असलेलं नाहीसं झालं किंवा चालणारं निकामी झालं, आणि ते आपण होऊन झालं, हा भाव सगळीकडे आहे. फाईल उडते ती रंगासारखी, डिस्क उडते ती बल्बसारखी. 'उडवणे' म्हटलं की मात्र करणारा आला, आणि 'पैसे उडवले'मधला बेफिकीरपणाही थोडा आला. नीट पाहून, निवडून कमी केलेल्या फाईलींना मी 'काढून टाकल्या' म्हणेन.

खरी अडचण 'पुसणे'ची. फळा पुसला की अक्षर उरत नाही. डिलीट केलेली फाईल मात्र उरते. विंडोज ९५पासून ती आधी रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे डिस्कवर जागा अडवून बसतेच. ('एवढं डिलीट केलं तरी सी ड्राइव्ह भरलेलाच' या तक्रारीचं उत्तर बरेचदा इथेच असतं.) बिन रिकामा केल्यावरही मजकूर लगेच जात नाही. डिस्कवरच्या फाईलींची नोंद ठेवण्याच्या जुन्या 'फॅट' पद्धतीत फाईलच्या नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदललं जातं आणि तिची जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते, बस्स. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतला मजकूर तसाच असतो. म्हणून तर चुकून गेलेली फाईल परत मिळू शकते आणि म्हणूनच अशा वेळी त्या ड्राइव्हवर नवीन काही साठवू नये. एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, तंत्र निराळं आहे, तिथे ही आशा फार धरू नये.

तेव्हा 'पुसणे' हा शब्द मी राखून ठेवेन: जुन्या मजकुरावर दुसरं काही लिहून तो खरोखर नाहीसा केला तरच. कंप्युटर दुसऱ्याला देताना डिस्क पुसावी लागते, नुसतं डिलीट करून भागत नाही. 'फॉरमॅट मारला' एवढ्यानेही खात्री होत नाही. विंडोज एक्सपीमधला पूर्ण फॉरमॅटसुद्धा फक्त खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले छोटे कप्पे, तपासतो. जुन्या मजकुरावर सगळीकडे शून्यं लिहिण्याचं काम त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून सुरू झालं. क्विक फॉरमॅट तर यातलं काहीच करत नाही. बाकी 'फॉरमॅट मारणे' हा प्रयोग मला आवडतो. झाडू मारणे, रंग मारणे यांच्याच पंगतीतला आहे तो, उगाच कशाला सुधारायचा?

प्रश्नात नसलेली एक गल्लत सांगतो, कारण ती महागात पडते: 'डिस्क' आणि 'ड्राइव्ह' आपण एकाच अर्थाने वापरतो. डिस्क ही वस्तू. सी, डी ही अनेकदा त्या एकाच वस्तूच्या वाटण्यांना दिलेली अक्षरं. (ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्कची सुरुवात सीपासून.) विंडोज उडाली आणि सी फॉरमॅट करावा लागला, तरी डीमधले फोटो शाबूत राहतात. डिस्कच उडाली तर दोन्ही जातात. 'माझा बॅकअप डीवर आहे' असं कोणी निर्धास्तपणे म्हणालं, तर तो डी वेगळ्या डिस्कवर आहे का, हे आधी विचारावं.

आणि लिंगाबद्दल: डिस्क आणि फाईल स्त्रीलिंगी, यावर वाद नाही. 'ड्राइव्ह भरला' आणि 'ड्राइव्ह भरली' दोन्ही कानांवर पडतं. मी 'भरला' म्हणतो, पण दुसऱ्याला चूक ठरवणार नाही.