वाचकांचे प्रश्न : क्वांटम संगणकाच्या चुका आणि आपली कुलपं

गुगलने डिसेंबर २०२४ मध्ये विलो ही क्वांटम चिप जाहीर केली. अशा चिपवरच्या माहितीच्या मूळ घटकाला क्यूबिट म्हणतात; तो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेतही राहू शकतो. तेव्हापासून आलेल्या पत्रांतले वारंवार विचारले गेलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : विलोमध्ये अवघे १०५ क्यूबिट आहेत. याहून मोठ्या चिप आधीच होत्या. मग एवढा गाजावाजा कशासाठी?

संख्येत खरोखरच नवं काही नाही. आयबीएमची काँडर ही १,१२१ क्यूबिटची चिप वर्षभर आधी, डिसेंबर २०२३ मध्येच आली होती. विलोच्या बाबतीत लक्षात ठेवायचा आकडा वेगळाच आहे : २.१४.

तो कुठून आला ते सांगतो. अतिवाहक क्यूबिट फार चुकतो. विलोवर दोन क्यूबिटमधली एक क्रिया सरासरी तीनशेत एकदा बिघडते, आणि क्यूबिटमधली ऊर्जा साधारण ६८ मायक्रोसेकंदांत गळून जाते. म्हणून अनेक खऱ्या क्यूबिटमध्ये मिळून एकच माहिती पसरवून ठेवतात. त्या गटाला लॉजिकल क्यूबिट म्हणतात. इथे वापरलेल्या पद्धतीचं नाव सरफेस कोड. ३×३ चौकटीला माहितीचे ९ आणि तपासणीचे ८ असे १७ क्यूबिट लागतात, ५×५ ला ४९, ७×७ ला ९७.

आता मेख अशी की तपासणीचे क्यूबिट स्वतःच चुकतात. मूळ यंत्रणा फार गबाळी असेल तर चौकट मोठी केल्यावर दुरुस्तीपेक्षा बिघाडच जास्त वाढतो. बिघाडाचं प्रमाण एका उंबरठ्याच्या खाली उतरलं, तरच मोठी चौकट फायद्याची. गुगलच्या आधीच्या पिढीच्या चिपवर, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चौकट ३ वरून ५ केल्यावर दर फेरीची (तपासणीच्या एका आवर्तनातली) चूक ३.०२८ टक्क्यांवरून जेमतेम २.९१४ टक्क्यांवर आली. विलोवर चौकटीच्या प्रत्येक पायरीला (३ वरून ५, ५ वरून ७) चूक २.१४ पटींनी घटली, आणि ७×७ ला ती दर फेरीला ०.१४३ टक्के उरली. चिपवरच्या सर्वांत चांगल्या एकट्या क्यूबिटपेक्षा हा गट २.४ पट जास्त टिकला. चूक दुरुस्त करण्याची कल्पना १९९५ च्या सुमाराची, सरफेस कोडचं मूळ १९९७ च्या आसपासचं. गट वाढवत गेलं की चूक पायरीपायरीने घटते, हे सरफेस कोडवर इतक्या स्वच्छपणे प्रथमच दिसलं. माझ्या मते बातमी तेवढीच, आणि तेवढी पुरेशी मोठी आहे.

पुढचा हिशेब कागदावर करता येतो. दहा लाख फेऱ्यांत एक चूक हवी असेल, तर ०.१४३ टक्क्यांना आणखी सुमारे १,४३० पट खाली आणायला हवं. २.१४ च्या दहा पायऱ्या लागतात, म्हणजे २७×२७ ची चौकट आणि १,४५७ क्यूबिट. एवढं करून मिळतो एकच लॉजिकल क्यूबिट. एक फेरी १.१ मायक्रोसेकंदाची असते, म्हणजे दहा लाख फेऱ्या सेकंदाभरात संपतात. सेकंदाला एक चूक हे अजून फारच वाईट यंत्र झालं. उलट, मूळ बिघाड निम्मा केला तर याच २७ च्या चौकटीची चूक सोळा हजार पटींच्या आसपास घटते. क्यूबिट वाढवण्याआधी ते सुधारणं का परवडतं, ते यावरून कळावं.

प्रश्न : क्यूबिट वाचला की त्याची अवस्था मोडते, असं शाळेपासून ऐकतोय. मग चूक सापडते कशी?

माहितीचा क्यूबिट वाचतच नाहीत. तपासणीचा क्यूबिट शेजारच्या चार माहिती-क्यूबिटशी एकेक करून चार क्रियांनी जोडतात आणि मग फक्त त्याला वाचतात. त्यातून चौघांची मिळून सम-विषमता कळते, कुणा एकाची किंमत कळत नाही. निम्मे तपासनीस ० आणि १ ची उलटापालट पकडतात, उरलेले कलेची (फेजची, म्हणजे ० आणि १ च्या मिश्रणातल्या चिन्हाची). मागच्या फेरीत सम होतं आणि या फेरीत विषम झालं, तर आसपास काहीतरी घडलं. मात्र तपासणीचं वाचनही चुकीचं असू शकतं (विलोवर साधारण ०.८ टक्के), म्हणून एका फेरीवर विश्वास ठेवत नाहीत, अनेक फेऱ्यांचे संकेत जोडून सर्वांत संभाव्य चूक शोधतात.

हे शोधकाम साधा संगणक करतो. त्याला डिकोडर म्हणतात. दर १.१ मायक्रोसेकंदाला नवे संकेत येतात. डिकोडर त्या गतीने उरकत नसेल तर काम साचत जातं आणि गणनेतली पुढची क्रिया ठरवायलाच उशीर होतो. विलोच्या संचाने ५×५ चौकटीवर हे चालू प्रयोगात करून दाखवलं. उत्तर सरासरी ६३ मायक्रोसेकंद मागून येत होतं, पण साचत नव्हतं.

काय बिघडतं, हेही काहींनी विचारलं आहे. दोन गोष्टी खास त्रासदायक. एक, क्यूबिट ० आणि १ सोडून वरच्या तिसऱ्या पातळीत जातो आणि तिथेच अडकून शेजाऱ्यांनाही बिघडवतो. त्याला खाली आणण्यासाठी वेगळी पायरी ठेवावी लागते. ७×७ च्या प्रयोगात ९७ ऐवजी १०१ क्यूबिट वापरले, ते वरचे चार याच कामासाठी. दुसरी गोष्ट, एकाच वेळी अनेक क्यूबिट बिघडवणारा धक्का. सरफेस कोडचं गणित चुका विखुरलेल्या आहेत असं धरून चालतं. सोप्या, फक्त एकाच प्रकारची चूक पकडणाऱ्या कोडची लांबी २९ पर्यंत नेली तेव्हा असे धक्के साधारण तासाला एक या दराने आले आणि सुधारणा तिथेच थांबली. आठवडाभर चालणाऱ्या गणनेला तासाला एक धक्का परवडणार नाही.

प्रश्न : 'महासंगणकाला १ वर पंचवीस शून्यं इतकी वर्षं लागतील, विलोला पाच मिनिटं.' हे खरं का?

ज्या कामासाठी गुगलचा तो दावा आहे, त्या कामापुरता. काम असं : क्रिया यादृच्छिक क्रमाने लावायच्या आणि येणाऱ्या उत्तरांचे नमुने घ्यायचे. त्या नमुन्यांचा व्यवहारात उपयोग नाही, आणि पूर्ण आकाराला उत्तर थेट पडताळताही येत नाही. लहान आकारांवर तपासून पुढचा अंदाज बांधतात. असे वर्षांचे आकडे घसरतातही. २०१९ मध्ये सिकॅमोर चिपच्या वेळी १०,००० वर्षं म्हटलं होतं; २०२२ मध्ये ५१२ जीपीयूंवर ते काम सुमारे १५ तासांत झालं. या आकड्यावरून मत बनवू नका.

प्रश्न : मग आरएसए कधी फुटणार?

तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, पण अंतर मोजता येतं. आरएसए हे इंटरनेटवरचं एक कुलूप; मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे, यावर ते उभं आहे. क्वांटम संगणकावर असे अवयव झटपट पाडण्याची पीटर शोर यांची रीत १९९४ पासून ठाऊक आहे. २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला २०१९ च्या अंदाजात २ कोटी क्यूबिट आणि ८ तास होते. मे २०२५ च्या अंदाजात १० लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. दोन्हीकडे यंत्र तेच गृहीत धरलंय : क्रियेची चूक ०.१ टक्का, फेरी एका मायक्रोसेकंदाची. म्हणजे वीसपटीची ही घट यंत्रातून आलेली नाही, निव्वळ गणितातून आली आहे : अंदाजे बेरजा, रिकाम्या बसलेल्या लॉजिकल क्यूबिटची दाट साठवण, आणि काही अवघड क्रियांसाठी लागणाऱ्या खास अवस्था स्वस्तात तयार करणं.

यंत्राच्या बाजूला विलोवर १०५ च क्यूबिट आहेत, आणि वरच्या प्रयोगात विलोने लॉजिकल क्यूबिट फक्त जपून दाखवला. दोन लॉजिकल क्यूबिटमध्ये क्रिया करणं हा त्यापुढचा टप्पा. शिवाय प्रत्येक क्यूबिटला खोलीच्या तापमानापासून निरपेक्ष शून्याच्या जेमतेम अंशाच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकं वर, म्हणजे १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत, तारा न्याव्या लागतात. लाखभर क्यूबिटच्या तारा एका शीतकपाटात कशा मावणार, हा अभियांत्रिकीचा प्रश्न गणितापेक्षा कमी अवघड नाही.

तरीही अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने आराखड्यात आरएसए-२०४८ चा वापर २०३० नंतर टाळावा आणि २०३५ नंतर बंद करावा, असं मांडलंय. ते मला रास्त वाटतं.

प्रश्न : आमच्याकडे काही लिनक्स सर्व्हर, एक संकेतस्थळ आणि दूरस्थ कामासाठी एसएसएच आहे. आज काय करावं?

आधी क्रम ठरवा. कुणी तुमची सांकेतिक वाहतूक आज साठवून ठेवली, तर पुढे यंत्र आल्यावर ती उघडता येईल. म्हणून किल्लीची देवाणघेवाण सर्वांत आधी बदलायची. सह्या मागाहून बनावट करून जुना संवाद बदलता येत नाही, त्यांना अवकाश आहे. अपवाद एकच : दहा-पंधरा वर्षं चालणाऱ्या उपकरणात पडताळणीची किल्ली कायमची कोरलेली असेल, तर ती खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

एसएसएच सर्वांत सोपं. ओपनएसएसएच ९.० पासून (एप्रिल २०२२) मिश्र पद्धत (जुनी आणि क्वांटम-सुरक्षित एकत्र) आपोआप वापरली जाते, १०.० पासून (एप्रिल २०२५) निस्टच्या एमएल-केईएम या क्वांटम-सुरक्षित किल्ली-पद्धतीवर आधारलेली. दोन्ही टोकं अद्ययावत करा. इथे हमखास फसणारी गोष्ट म्हणजे जुनी मांडणी : कुणीतरी पूर्वी किल्ली-पद्धतींची यादी हाताने लिहून ठेवलेली असते, त्यामुळे आवृत्ती नवी असूनही नवी पद्धत वापरात येतच नाही. सविस्तर नोंदीचा पर्याय लावून जोडणी करा आणि निवडलेल्या पद्धतीच्या नावात एमएलकेईएम७६८ (mlkem768) दिसतं का ते पाहा.

संकेतस्थळाला ओपनएसएसएल ३.५ (एप्रिल २०२५) आणि टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारा नियमसंच) १.३ हवं, १.२ वर हे चालत नाही. मिश्र पद्धतीत जुनी एक्स२५५१९ आणि नवी एमएल-केईएम-७६८ दोन्ही असतात, दोन्ही फुटल्या तरच गुपित उघडं पडतं. हा दुहेरीपणा अनाठायी नाही : साईक नावाची एक उमेदवार पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर तासाभरात फुटली होती.

खरी अडचण आकाराची. जुन्या पद्धतीत ग्राहकाकडून ३२ बाइट जात. आता १,२१६ जातात आणि सर्व्हरकडून १,१२० येतात. त्यामुळे जोडणीचा पहिला संदेश एका पॅकेटमध्ये मावत नाही. तो एकाच पॅकेटमध्ये येतो असं धरून लिहिलेले काही जुने फायरवॉल आणि लोड बॅलन्सर जोडणी तोडतात किंवा नुसती लटकत ठेवतात. सर्व्हर दोषी वाटतो, दोष वाटेतल्या पेटीचा असतो. बाहेरून, आतून, प्रत्येक वाटेने नव्या ब्राउझरमधून तपासा. अडलं तर त्या पेटीचं फर्मवेअर बदला.

सह्यांचा विचार करताना आकार ध्यानात ठेवा : एमएल-डीएसए-६५ या नव्या क्वांटम-सुरक्षित पद्धतीची सही ३,३०९ बाइट, आजची लंबवक्रीय सही ६४. साठवलेल्या फायलींसाठी एईएस-२५६ (एकाच किल्लीने कुलूप लावणारी पद्धत) असेल तर तिला हात लावायची गरज नाही.

प्रश्न : औषधं, हवामान, शोधयंत्रं, सगळं बदलेल का?

रेणू आणि पदार्थांची गणितं, हो. तिथे मूळ प्रश्नच क्वांटम आहे. यादीत शोध घेण्याचा फायदा फक्त वर्गमुळाइतका, आणि चूक-दुरुस्तीचा खर्च तो खाऊन टाकतो. हवामानाबद्दल मी आशा ठेवणार नाही.

प्रश्न : घरून खरं क्वांटम यंत्र वापरता येतं का? मी करून पाहिलं, पण चुकीची उत्तरं आली.

येतं. आयबीएमच्या मोफत योजनेत महिन्याला सुमारे दहा मिनिटं यंत्रवेळ मिळतो. पायथनमध्ये किस्किट (आयबीएमचं क्वांटम पॅकेज) आणि त्याचं रनटाइम पॅकेज बसवा, दोन क्यूबिट घ्या, पहिल्यावर हॅडमार्ड (० आणि १ चं समान मिश्रण करणारी क्रिया), मग पहिल्याकडून दुसऱ्यावर नियंत्रित-नॉट (पहिला १ असेल तर दुसरा उलटवणारी क्रिया), शेवटी दोन्हींचं मापन, ४,०९६ वेळा. अपेक्षा अशी की ०० आणि ११ निम्मे-निम्मे यावेत. थोडे ०१ आणि १० येणारच. ती क्रिया आणि वाचनाची चूक आहे. ११ किंचित कमी आले तरी गोंधळू नका, १ ची अवस्था वाचेपर्यंत ० वर घसरते.

परिपथ पाठवताच नाकारला गेला, तर तो त्या यंत्राच्या मूळ क्रियांत रूपांतरित केलेला नसतो. पाठवण्याआधी ट्रान्सपाइल करा. आणि क्यूबिटचा क्रम उलटा वाटत असेल, तर किस्किट शून्यावा क्यूबिट सर्वांत उजवीकडे लिहितं.