एका रोबोला इतके हात कशाला?

प्रश्न : माझी मुलगी इटलीत जिनोव्हाला रोबोटिक्स शिकते. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिनं लहान पोराएवढा एक रोबो दाखवला, आयकब नावाचा. पांढरा चेहरा, दिव्यांच्या भुवया. म्हणाली, आई, हा कितीतरी विद्यापीठांनी मिळून बनवलाय. आमचे हे शेजारीच बसले होते. म्हणाले, इतकी माणसं, इतका पैसा, आणि हा अजून चेंडूच उचलतोय! एका विद्यापीठाला हे जमलं नसतं का? सगळे मिळून नेमकं करतात तरी काय?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचा प्रश्न रास्त आहे. असा चेंडू उचलत, चुकत शिकणं हेच त्या रोबोचं काम आहे, हे त्यांना सांगा. २००४ साली हा प्रकल्प सुरू झाला आणि युरोपीय आयोगानं त्याला सुमारे ८५ लाख युरो दिले, ते काही घरकाम करणारा गडी तयार करायला नव्हे. लहान मूल वस्तू हाताळत, पाडत, चुकत शिकतं कसं, हे तपासायला त्यांना एक शरीर हवं होतं. म्हणून उंची १०४ सेंटिमीटर, साडेतीन वर्षांच्या पोराएवढी.

आता इतके जण कशाला? डोकं पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या गटानं केलं. पाय आणि कंबर इंग्लंडमधल्या सॅलफर्डची. रांगायचं कसं, याचं गणित स्वित्झर्लंडमध्ये लोझानला झालं. इथवर एखाद्या मोठ्या विद्यापीठानं एकट्यानंही निभावलं असतं, असं म्हणता येईल. पण त्यात स्वीडनचं उप्साला विद्यापीठही होतं. तिथले क्लेस फॉन हॉफ्स्टेन हे मानसशास्त्राचे प्राध्यापक. तान्ही मुलं हलती वस्तू धरताना ती आत्ता जिथं आहे तिथं हात नेत नाहीत, ती जिथं पोचणार तिथं नेतात, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवलं होतं. इटलीतल्या फेरारा विद्यापीठाचे मेंदूचे अभ्यासकही सोबत होते. मी जन्मभर टूलरूममध्ये काम केलं, पुढं कॉलेजचं वर्कशॉप सांभाळलं. लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला तान्ह्या बाळाचं हे गणित कुठून ठाऊक असणार?

खरी कसोटी लागते ती जोडाच्या जागी. चौकट एका सुतारानं केली आणि दार दुसऱ्यानं, तर दोघं आपापल्या जागी बरोबर असतात, तरी दार लागत नाही. आयकबचा हातच बघा. एका पंजाला नऊ मोटरी. लहान मुलाच्या तळहातात त्या मावणार कशा? म्हणून दोन पंजात ठेवल्या आणि सात कोपराखालच्या भागात. तिथून बारीक तारा मनगटातून बोटांपर्यंत नेल्या. म्हणजे बोटं करणाऱ्याला मनगट करणाऱ्याशी बोलल्याशिवाय एक भोकही पाडता येत नाही. सगळ्या शरीरात असे ५३ सांधे. वर कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम एका गावचा, हाताचा दुसऱ्या गावचा; त्यांच्यात निरोप पोचवायला यार्प नावाचं वेगळं सॉफ्टवेअर आहे. तुमची मुलगी ‘आज दिवसभर नुसतं इंटिग्रेशन’, म्हणजे ही जोडाजोडी, ‘केलं’ म्हणाली, तर ती रिकामी बसली होती असं समजू नका. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात वैतागाचं काम तेच.

या मंडळींनी केलेली एक गोष्ट मला मनापासून आवडते. रोबोचे ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांना खुले ठेवले. त्यामुळं आज वीसहून जास्त प्रयोगशाळांत आयकब उभा आहे. मला विचाराल तर भागीदारीचा खरा फायदा इथं आहे, अवयव वाटून घेण्यात कमी. तुमच्या टेबलावर चाललेला प्रयोग दुसऱ्या देशात, दुसऱ्या माणसाच्या हाताखाली, त्याच जातीच्या रोबोवर फसला, की तुमच्या दाव्यात किती पाणी होतं ते कळतं. एकट्याच्या प्रयोगशाळेत सगळं चालतंच हो! कॅमेरा कुठं ठेवायचा, पडदा किती ओढायचा, ते आपल्याला सवयीनं माहीत असतं.

अमेरिकेतल्या विलो गराज कंपनीनं २०१० मध्ये हेच केलं. पीआर-टू नावाचे एकसारखे रोबो अकरा संस्थांना वापरायला दिले. म्युनिकच्या गटानं त्याला पॅनकेक करायच्या कामाला लावलं. बर्कलेच्या गटानं टॉवेलच्या घड्या घालून घेतल्या. एका टॉवेलला सरासरी वीस-पंचवीस मिनिटं लागत. व्हिडिओ मात्र पन्नासपट वेगानं फिरवलेला. यजमानांना सांगा, रोबोचा कुठलाही व्हिडिओ पाहिला की कोपऱ्यात ‘५०x’ असं काही लिहिलंय का, ते आधी बघायचं.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशा संशोधन गटात जायचंय. सगळे म्हणतात, आता सगळं एआय आहे, नुसतं पायथॉन शीक. खरं आहे का?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : पायथॉन शीकच. आरओएस, म्हणजे रोबोचे वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर, ते पण शीक. पण ‘नुसतं’ हा शब्द खोड.

२०२३ मध्ये २१ संस्थांनी मिळून २२ प्रकारच्या रोबोंची माहिती एकत्र केली. रोबोनं काम करतानाच्या दहा लाखांहून जास्त नोंदी. उपक्रमाचं नाव ओपन एक्स-एम्बॉडिमेंट. त्यात एक गंमत आहे, मेकॅनिकलवाल्यानं नीट बघावी अशी. प्रत्येक प्रयोगशाळेचा कॅमेरा वेगळ्या जागी, प्रत्येकाचे अक्ष वेगळे. आणि ते त्यांनी जुळवून घेतलेच नाहीत. म्हणजे तेच आकडे दिले तर एक रोबो इकडं जाईल, दुसरा तिकडं. तरीही मिश्र माहितीवर शिकवलेला प्रोग्रॅम, ज्यांच्याकडं स्वतःची माहिती थोडी होती अशा बऱ्याच प्रयोगशाळांत त्यांच्या घरच्या पद्धतीपेक्षा सरस ठरला. हे का झालं आणि कुठं होत नाही, ते समजायला अक्ष म्हणजे काय, गिअरचा बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, म्हणजे काय, हे हाताला माहीत असावं लागतं.

रोबोकॉन या रोबो बनवायच्या स्पर्धेची पोरं रात्री वर्कशॉपची किल्ली मागायला यायची तेव्हा मी आधी त्यांची वही बघायचो. कुठली मोटर, किती व्होल्ट, कुठला स्क्रू बदलला, कोणी बदलला. वही असेल तर किल्ली. तुझ्या कॉलेजात टीम असेल तर आधी वायरिंग आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे मापं तपासून जुळवायचं, काम मागून घे. त्या कामाला कोणी हात वर करत नाही, लगेच मिळेल. पुढं कुठल्या गटाला ईमेल करशील तेव्हा सर्टिफिकेटांच्या जोडीला त्या वहीची चार पानं स्कॅन करून पाठव, खाडाखोडीसकट.