ट्यूनिंगचं सोडा, ब्लॉकवरचा नंबर बघा

साताऱ्याच्या एका वाचकांनी 1991 ची कॉन्टेसा क्लासिक दोन वर्षं खपून पुन्हा उभी केली. इंजिन 1.8 इसुझू पेट्रोल. यवतेश्वरच्या घाटात गाडी दम टाकायची, म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी मेकॅनिककडून 'खालचा पिकअप' वाढवून घेतला. कार्ब्युरेटरचे जेट बदलले, टायमिंग नव्याने लावलं, हेड घासलं. आता तीन महिन्यांत पासिंग, म्हणजे आरटीओकडची तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण आहे आणि त्यांचा प्रश्न आहे की हे ट्यूनिंग बेकायदा ठरेल का. जावा, जिप्सी, जुनी जीप अशा गाड्यांवरून हीच विचारणा दर महिन्याला येते.

जेट आणि टायमिंगला कुणी हात लावणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खालच्या स्पष्टीकरणानुसार 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. जेट त्यात बसत नाही. फक्त पिकअपच्या नादात पेट्रोल-हवेचं मिश्रण फार जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवू नका. तुमच्या काळातल्या पेट्रोल मोटारीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत लागतो.

पण पत्राच्या शेवटी ता.क. आहे: 'ब्लॉकला चीर होती म्हणून भंगारातल्या अॅम्बेसिडर 1800 चा ब्लॉक बसवला. मेकॅनिक म्हणतो, जुना नंबर पंच करून देतो.'

अहो, पत्राची सुरुवात इथून करायची! ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, आणि इंजिन नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. कार्ब्युरेटरचे सहा फोटो पाठवलेत आणि ब्लॉकचा एकही नाही.

आधी पंचाचं. अजिबात करायचं नाही. आज तुमच्याकडून झाली ती कागदपत्रांची हयगय आहे. नंबर ठोकलात की ती बनवाबनवी होते आणि प्रकरण आरटीओच्या टेबलावरून पोलीस ठाण्यात जातं. घासून पुन्हा ठोकलेले आकडे जुन्या इन्स्पेक्टरच्या अंगठ्यालाही कळतात.

तुमचं सगळं आता कलम 52 च्या पोटकलम 3 वर आहे. परवानगीशिवाय केलेला बदल 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंदवून घ्यायचा असतो. तुम्ही आठ महिने गप्प बसलात. दुसरीकडे कलम 55(5) सांगतं की गाडीवरचा इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीशी जुळत नसेल, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन नोंदणी रद्द करायची. म्हणून विसंगती त्यांना पासिंगला सापडण्याआधी तुम्ही स्वतः लेखी कळवा. पासिंगचा फॉर्म 25 मुदत संपण्याआधी 60 दिवसांत भरता येतो. त्याच्याही आधी हा अर्ज आवक-जावकमध्ये पडला पाहिजे आणि पोच तुमच्या हातात पाहिजे.

नोंद होईलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. अॅम्बेसिडर 1800 चं इंजिनही हिंदुस्थान मोटर्सनेच बसवलेलं 1.8 इसुझू, म्हणजे आरसीवरचा सीसीचा रकाना बदलत नाही. ही तुमची जमेची बाजू, आणि अर्जात पहिल्याच परिच्छेदात ती लिहा. मात्र 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटल्यापासून अधिकारी हात आखडता घेतात. दंड लावलाच तर कलम 182अ(4) खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. नकार मिळाला तर लेखी घ्या. कलम 57 खाली अपिलाला 30 दिवस मिळतात. अपिलाचा निकाल किती दिवसांत लागतो, ते विचारू नका.

खरी अडचण बिलाची. ज्या अॅम्बेसिडरचा ब्लॉक आहे तिचा नंबर काय, तिची नोंदणी रद्द झाली होती का, भंगारवाल्याची पावती कुठे? तुमच्याकडे आहे ते व्हिजिटिंग कार्डच्या मागे लिहिलेलं 'इंजिन काम फुल, 42,000'. ते चोरीच्या ब्लॉकलाही तितकंच लागू पडतं. या आठवड्यात त्या भंगारवाल्याकडे स्वतः जा, मेकॅनिकला पाठवू नका. चीर गेलेला जुना ब्लॉक अजून गॅरेजच्या मागे पडला असेल तर तोही उचलून आणा. आरसीतला नंबर त्याच्यावरच आहे, आणि तपासणीत दाखवायला तो लागेल.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. त्रयस्थाच्या भरपाईतून तिला सहसा सुटता येत नाही, पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा आला की ती नंबरावर बोट ठेवणारच.